चोरलेली क्लिप स्टॉक साइटवर विकली जाते, त्यामागची पार्श्वभूमी

आपली क्लिप चोरीला जाऊन स्टॉक साइटवर, म्हणजे तयार फोटो-व्हिडिओ वापरायचे परवाने विकणाऱ्या वेबसाइटवर, विकली जातेय हे लक्षात आल्यावर ती शूट करणाऱ्याने तक्रार केली, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: तक्रार मिळाली, क्लिप काढली, विषय संपला. ती क्लिप साइटनेच तपासून घेतली होती, तिच्या प्रिव्ह्यूवर स्वतःचा वॉटरमार्क छापला होता, किंमत ठरवली होती आणि विक्रीतला मोठा वाटाही स्वतःकडे ठेवला होता, याचा त्या उत्तरात उल्लेख नसतो. साइटला असं नामानिराळं राहता कसं येतं, हे कळायला गेल्या वीसेक वर्षांत मागे जावं लागतं.

त्याआधीच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वृत्तपटांच्या कंपन्या उरलेलं चित्रण फुटांच्या हिशेबाने विकत. आपल्याकडे १९४८ मध्ये सुरू झालेल्या, पेडर रोडवर बसणाऱ्या सरकारी माहितीपट खात्याच्या साठ्यातूनही सिनेमावाले पूर, धरणं, मोर्चे, पंतप्रधानांच्या सभा असे शॉट पैसे मोजून घेत. निगेटिव्ह ज्याच्या कपाटात, तो मालक. लबाडी तेव्हाही होत असणार, पण कॉपीवरून काढलेली कॉपी पडद्यावर लगेच चुगली करायची.

हे गणित २००० नंतर बदललं. कॅनडात कॅल्गरीला त्या वर्षी फोटोंची देवाणघेवाण करणारी एक साइट निघाली. हौशी लोक एकमेकांना फोटो द्यायचे, मग नाममात्र पैसे लागू झाले. २००६ मध्ये एका मोठ्या फोटो एजन्सीने ती ५ कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका स्पर्धक साइटने व्हिडिओ विकायला सुरुवात केली आणि मुख्यतः व्हिडिओसाठीच असलेली आणखी एक साइटही उभी राहिली. साठा आता कंपनीच्या मालकीचा राहिला नाही. जगभरातून कुणीही खातं उघडून क्लिप चढवायची आणि विकली की टक्का घ्यायचा. २००८ नंतर व्हिडिओही घेणारे डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे फोटोचे कॅमेरे, आले आणि २०१३ पासून सामान्य माणसाला परवडणारे ड्रोन, त्यामुळे माल धो धो यायला लागला.

सुरुवातीला दारावर थोडीफार चाळणी होती. एका साइटवर नवख्याने दहा फोटो पाठवायचे आणि त्यांतले सात पास झाले तरच खातं सुरू व्हायचं. पुढे तिथेच दहांतला एक पास झाला तरी पुरे झालं. माल हवा होता, त्यामुळे चाळणीची भोकं मोठी झाली.

त्या पहिल्या वर्षांत व्हिडिओची चोरी फारशी न होण्याचं कारण प्रामाणिकपणा नव्हतं, यूट्यूबचा दर्जा होता. तिथून उतरवलेला व्हिडिओ इतका चौकोनी-चौकोनी फुटलेला असे की स्टॉक साइटचे तपासनीस तो तांत्रिक कारणावरूनच परत पाठवत. यूट्यूबवर १०८०पी हा स्पष्ट चित्राचा दर्जा आला २००९ च्या शेवटी आणि त्याहून बारीक ४के २०१० मध्ये. लोक प्रत्यक्षात ४के मध्ये टाकायला लागायला आणखी काही वर्षं गेली. एकदा ते सवयीचं झालं आणि उतरवलेली फाइल तपासणीतून सुटायला लागली.

अशी क्लिप कशी तयार करतात ते एकदा बघण्यासारखं आहे. लांब व्हिडिओतून दहा-वीस सेकंद कापतात, मूळ आवाज काढून टाकतात, कोपऱ्यातलं चॅनेलचं नाव जाईल इतकी चौकट आत घेतात, रंग थोडे बदलतात, वेग जरासा कमी-जास्त करतात आणि चित्र आरशासारखं उलटवतात. हे उलटवणं जुळवून शोधणाऱ्या प्रणालींना चकवण्यासाठी असतं. पण आपल्याकडचं दृश्य असेल तर तिथेच बिंग फुटतं. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावताना दिसतात. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात, शिरोरेघ तेवढी जागच्या जागी राहते. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर येतात. विसर्जन मिरवणुकीची क्लिप असेल तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळंओवळं किती कडक असतं हे माहीत असलेल्याला सार्वजनिक मंडळाची ती भलीमोठी मूर्ती बघून शंका यायलाच हवी. दुसऱ्या खंडात बसलेल्या तपासनिसाला ती कुठून येणार? तो फोकस, हलणारा कॅमेरा, दिसणारे लोगो एवढंच बघतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो.

चोर चेहरे टाळतात, तेही विचार करूनच. व्यावसायिक वापराच्या क्लिपमध्ये ओळखू येणारा माणूस असेल तर त्याचं सहीनिशी संमतिपत्र जोडावं लागतं, आणि चोराकडे ते असणार कुठून. म्हणून डोंगर, समुद्र, ढग, रात्रीचे रस्ते आणि वरून घेतलेली गर्दी हा मालच जास्त जातो. गर्दी जवळून असेल तर ‘एडिटोरियल’ (जाहिरातीसाठी नाही, फक्त बातमी-माहितीसाठी) हा शिक्का उपयोगी पडतो. त्यात संमतिपत्र लागत नाही, ठिकाण आणि तारीख लिहिली की भागतं. पालखी सोहळा, कुंभमेळा, लोकलची गर्दी या विषयांना ही पळवाट अगदी सोयीची.

फोटोचा माग काढायला २०११ पासून उलट शोधाची, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधण्याची, सोय सगळ्यांच्या हाती आहे. व्हिडिओसाठी तितकं सोपं आणि सर्वांना खुलं साधन नाही. त्यामुळे चोरी बहुधा योगायोगानेच कळते, कुणीतरी जाहिरात किंवा बातमी बघून फोन करतो तेव्हा.

चोरी कशाला म्हणायचं यावरही गोंधळ आहे. अमेरिकी अंतराळ संस्थेचं चित्रण सर्वसाधारणपणे कॉपीराइटमुक्त असतं. ते उतरवून स्टॉक साइटवर विकणारा कायदा मोडत नाही, मात्र फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे लावतो. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे वृत्तपट आता याच गटात आलेत. यूट्यूबने २०११ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना आपलं काम वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याचा) पर्याय दिला, त्यात नाव देण्याची अट आहे आणि ती पाळायची असते हेच अनेकांच्या गावी नाही. फुकट फोटो-व्हिडिओच्या साइट आधी ‘काहीही करा’ म्हणत होत्या. लोकांनी त्यांचा साठा जसाच्या तसा उचलून दुसरीकडे मांडायला सुरुवात केल्यावर त्यांनी परवाने बदलले. एका मोठ्या साइटने हे २०१७ मध्ये केलं, दुसरीने २०१९ मध्ये जशीच्या तशी प्रत विकायला बंदी घातली. २०१६ मध्ये तर एका अमेरिकी छायाचित्रकार बाईंना स्वतःच काढलेला आणि राष्ट्रीय ग्रंथालयाला लोकांसाठी देऊन टाकलेला फोटो वापरल्याबद्दल १२० डॉलरच्या मागणीचं पत्र आलं. त्यांनी १ अब्ज डॉलरचा दावा लावला. त्यातला मुख्य भाग कोर्टाने फेटाळला, कारण फोटो सार्वजनिक केल्यावर त्यावर हक्क सांगायला त्यांच्याकडे कॉपीराइटच उरला नव्हता.

पण खरी मेख आहे ती साइट नेमकी कोण, या प्रश्नात. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात लोकांनी चढवलेला मजकूर (त्यात फोटो-व्हिडिओही आले) साठवणाऱ्या कंपन्यांना संरक्षण दिलंय. तक्रार येताच मजकूर हटवला, वारंवार चोरी करणाऱ्याचं खातं बंद केलं, आधीपासून माहिती नव्हती आणि मजकुरावर ताबा ठेवून त्याच मजकुरातून थेट कमाई केली नाही, तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. कायदा झाला तेव्हा डोळ्यांपुढे होते फोरम आणि वेबपेज ठेवणारे सर्व्हर. तपासून घेऊन, दर लावून, परवाना विकणारी साइट यात बसते का?

यावर एक निरीक्षण असं आलं होतं, जे पुढे टिकलं असतं तर आजचा धंदा वेगळा दिसला असता. जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपात एका स्थानिक छायाचित्रकाराने फोटो सोशल मीडियावर टाकले. दुसऱ्याच कुणीतरी ते स्वतःचे म्हणून पुढे ढकलले, एका वृत्तसंस्थेने ते घेतले आणि एका फोटो एजन्सीच्या साठ्यातून ते जगभर विकले गेले. एजन्सीने संरक्षणाचा दावा केला. २०१३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्यावर जे म्हटलं त्याचा आशय असा, की परवाने विकणं हे लोकांना त्यांचा मजकूर ठेवायला जागा देण्यापेक्षा मालविक्रीच्या जवळ जातं. त्या टप्प्यावर तो मुद्दा कोर्टाने निकालात काढला नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने मूळ छायाचित्रकाराला जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनापोटी १२ लाख डॉलर देवविले. साइट दुकानदार आहे की जागा भाड्याने देणारा, यात त्या निरीक्षणाने दुकानदाराच्या बाजूला वजन टाकलं होतं.

पुढे वारं फिरलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अपील कोर्टाने एका गॉसिप साइटच्या खटल्यात एवढं मात्र म्हटलं, की आलेला मजकूर माणसं निवडून घेत असतील तर ती माणसं कंपनीचीच प्रतिनिधी होती का, हे तपासलं पाहिजे. तिथे आलेल्या पोस्टपैकी साधारण एक तृतीयांशच छापल्या जात. पण न्यूयॉर्कमध्ये, जिथे स्टॉक साइटचे खटले चालतात, २०२२ आणि २०२३ मध्ये एका मोठ्या साइटच्या बाजूने निकाल लागले. दुसऱ्या खटल्यात एकाच छायाचित्रकाराच्या फोटोंच्या तीनशेहून अधिक प्रती लोकांनी चढवल्या होत्या आणि त्या विकल्याही गेल्या होत्या. तरी कोर्टाचं म्हणणं पडलं की वरवरची तांत्रिक तपासणी म्हणजे मजकुरावरचा ताबा नव्हे. त्या निकालावर अपील झालं. हे दोन्ही खटले फोटोंचे असले तरी व्हिडिओ त्याच साइटवर, त्याच तपासणीतून जातात, म्हणून तक्रारीला मिळणारी उत्तरं या निकालांच्या आधाराने लिहिलेली वाटतात.

या तर्काचा परिणाम उफराटा आहे. साइट जितकी बारकाईने तपासेल तितकी ती अडकण्याची शक्यता वाढते. सेकंदभर बघून पुढे ढकलणाऱ्याला कायद्याचं छत्र मिळतं. न्यायाधीशांनी असं ठरवून केलं असेल असं कुणी म्हणणार नाही, पण साइटचे वकील ते ओळखून आहेत यात शंका नाही.

पैशांच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी ठळक होतं. विकत घेणाऱ्यावर कॉपीराइटचा दावा आला तर भरपाईची हमी साइट देते. एका मोठ्या साइटच्या साध्या परवान्यात ती १० हजार डॉलरपर्यंत असते, वरच्या परवान्यात अडीच लाखांपर्यंत. चढवणाऱ्याकडून साइट लिहून घेते की काही झालं तर भरपाई तो देईल. म्हणजे घेणारा, विकणारा आणि चोर, तिघांमध्ये करार आहेत. मूळ शूट करणारा तेवढा कुठल्याच करारात नाही. क्लिप हटवली तरी आधी दिलेले परवाने आपोआप रद्द होत नाहीत, आणि किती प्रती विकल्या गेल्या हे त्याला सहसा सांगितलंही जात नाही. जून २०२० पासून एका साइटने चढवणाऱ्याच्या वाट्याचा दर १५ टक्क्यांपासून सुरू होऊन विक्रीप्रमाणे वाढणारा केला आणि दर १ जानेवारीला सगळ्यांना पुन्हा तळाशी आणायला सुरुवात केली. प्रामाणिक लोक चिडून निघून गेले. चोराला शूटिंगचा खर्चच नसल्यामुळे १५ टक्केही परवडतात.

अमेरिकेत २०२२ पासून छोट्या कॉपीराइट दाव्यांसाठी वेगळं मंडळ आहे. फी आधी ४० आणि दुसऱ्या टप्प्यात ६० डॉलर, कमाल भरपाई ३० हजार डॉलर. पण समोरच्याने ६० दिवसांत ‘आम्हाला यात भाग घ्यायचा नाही’ असं कळवलं की तो दावा तिथेच संपतो. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१३ च्या नियमांनुसार तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर २१ दिवसांसाठी बंद करावा लागतो. त्या मुदतीत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. दापोलीच्या किंवा सावंतवाडीच्या व्लॉगरने एका ड्रोन शॉटसाठी २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणायचा, ही अपेक्षाच मुळात अवास्तव आहे.

त्यावर मीठ चोळण्याचा प्रकार म्हणजे यूट्यूबची आपोआप जुळवणी करणारी यंत्रणा, २००७ पासून चालू असलेली. कुणीतरी चोरलेली क्लिप रीतसर विकत घेऊन आपल्या कार्यक्रमात घालतो, कार्यक्रम त्या यंत्रणेत नोंदवतो, आणि क्लेम, म्हणजे ‘हे चित्रण आमचं आहे’ असा दावा, जाऊन पडतो मूळ व्हिडिओवर. नोंदवणाऱ्याने फक्त स्वतःच्या एकट्याच्या मालकीचा भाग नोंदवावा असा नियम आहे. तो पाळला गेला नाही तर खुलासे देत बसतो तो मूळ मालक.

२०२२ पासून यात नवा गिऱ्हाईक आलाय. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या साइटने जाहीर केलं की आपला साठा एआय मॉडेल शिकवण्यासाठी वापरला जातो आणि त्याचा मोबदला एका निधीतून काँट्रिब्युटरना, म्हणजे क्लिप चढवणाऱ्यांना, मिळेल. २०२४ मध्ये एक सॉफ्टवेअर कंपनी चालण्या-बोलण्याचे, हावभावांचे साधे व्हिडिओ मिनिटाला काही डॉलर या दराने गोळा करत असल्याच्या बातम्या आल्या. आधी चोराला निदान कुणी क्लिप पसंत करायची वाट पाहावी लागायची. आता खात्यात पडून असलेल्या क्लिपवरही त्याचा वाटा लागू शकतो. मूळ माणसाने क्लिप हुडकून तक्रार केली तर ती साइटवरून जाते, पण शिकवणीसाठी आधीच दिलेल्या संचातून ती परत घेण्याची सोय १९९८ च्या त्या कायद्यात नाही.