वैकुंठाच्या पुढे एक साप आहे

आषाढी जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. सापशिडीचा शोध संत ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात लावला, इंग्रजांनी तो पळवला आणि त्यातलं अध्यात्म काढून टाकून पोरांचा खेळ केला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. दोन वर्षं मी गप्प बसलो. यंदा काकांनी त्याला शेपूट जोडलं, 'यात प्रचंड गणित दडलेलं आहे, नासावालेही थक्क झाले.' नासाचं काकांनाच ठाऊक. पण गणिताबद्दल ते चुकून बरोबर बोलून गेले, म्हणून हा खटाटोप.

आधी इतिहासाचं उरकून घेऊ. ज्ञानेश्वरांचा काळ १२७५ ते १२९६. त्या काळातला सापशिडीचा एकही पट कुणाच्या हाती नाही. संग्रहालयांत आणि घरोघरच्या बासनांत जे जुने पट मिळाले, कापडावर किंवा कागदावर रंगवलेले, ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. कलेतिहासकार अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या पटांवर सविस्तर लिहिलं. हे पट शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट चटकन दिसते. खेळ कुणा एका पंथाचा नव्हताच. जैनांचा पट ८४ घरांचा, माथ्यावर सिद्धांचा लोक. वैष्णवांचा ७२ घरांचा. सूफींचा शंभराच्या आसपास घरांचा. नाव कुठे ज्ञानचौपड, कुठे ज्ञानबाजी, आपल्याकडे मोक्षपट. तिबेटातही अशाच जातीचा एक खेळ आहे आणि तिथे त्याचं श्रेय साक्य पंडित या आचार्यांना देतात. तेही तेराव्याच शतकातले! आवडता खेळ आपल्यातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या नावावर करायचा, यात लबाडीपेक्षा माया जास्त असते. फक्त मायेला पुरावा म्हणू नये.

फासे मात्र खरोखर जुने. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांत घनाकृती फासे निघाले, पण त्यांवरची मांडणी आजच्यासारखी नाही. आजच्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात येते. तिथल्या कित्येक फाशांवर एकच्या समोर दोन, तीनच्या समोर चार आणि पाचच्या समोर सहा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगारी रडतो, ते फासे म्हणजे बेहड्याच्या बिया. म्हणजे 'माझं दानच वाईट पडतं' ही तक्रार आपल्याकडे तीनेक हजार वर्षं चालू आहे.

इंग्रजांनी खेळ नेला हे खरं. १८९२च्या सुमारास तो लंडनच्या बाजारात आला. तिथे पट दहा बाय दहाचा झाला, आणि काम-क्रोधाच्या जागी आळस, आज्ञाभंग, काटकसर, उद्योग असे व्हिक्टोरियन गुणदोष बसले. म्हणजे अध्यात्म काढलं नाही, त्यांनी आपलं घातलं. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापही काढले आणि त्या जागी घसरगुंड्या आणल्या. उरकलं.

आता ७२ घरांचा पट डोळ्यांसमोर आणा. पहिलं घर जन्म, दुसरं माया, मग क्रोध, लोभ. ५१व्या घरात पृथ्वी, ५२ हिंसा, ५४ भक्ती, ५५ अहंकार, ६८ वैकुंठ. वैकुंठ हे जिंकायचं घर, पण शेवटचं नव्हे. त्याच्या पुढे आणखी चार घरं आहेत आणि ७२व्या घरात तमोगुणाचा साप तोंड वासून बसलाय. त्याची शेपटी ५१व्या घरात, म्हणजे पृथ्वीवर. वैकुंठाच्या दारावरून पुढे गेलेला माणूस परत मातीत. हा साप लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

सापशिडीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. सोंगटीला आठवण नसते. तुम्ही ३७व्या घरात आहात. तिथे शिडीने आलात, सापाने आलात की रखडत एकेका घराने आलात, याचा पुढच्या दानाशी काडीचा संबंध नाही. पुढे काय होणार हे फक्त 'आत्ता कुठे आहात' यावर ठरतं. बुद्धिबळात प्यादी मेली की मेली, पत्त्यांत गेलेला एक्का परत येत नाही. इथे मागचं काहीही साचत नाही. गंमत बघा, पट कर्मसिद्धांत शिकवायला काढलेला, आणि त्याचं यंत्र असं की कर्म जमाच होत नाही. मागच्या सगळ्या घरांचा हिशेब या घरात शून्य होतो.

अशा आठवण नसलेल्या साखळीला गणितात मार्कोव्ह साखळी म्हणतात. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने तिच्यावर १९०६ साली पहिला लेख लिहिला, आणि त्यामागे एक भांडण होतं. नेक्रासोव्ह नावाचे मॉस्कोचे गणिती म्हणत, मोठ्या संख्येत सरासरी स्थिरावते ती घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. आणि त्याची सांगड ते माणसाच्या मुक्त इच्छेशी, धर्माशी घालत. मार्कोव्ह भडकले. एकमेकींत अडकलेल्या घटनांतही सरासरी स्थिरावते, हे त्यांनी साखळी मांडून दाखवलं. १९१३ साली पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं घेऊन स्वरामागून स्वर किती वेळा, व्यंजनामागून स्वर किती वेळा, हे त्यांनी मोजून काढलं. मधल्या काळात, १९१२ साली, मला चर्चमधून बहिष्कृत करा असा अर्ज त्यांनी स्वतःच करून टाकला होता. हा माणूस मला फार आवडतो.

आकडे कसे काढायचे? एका सोंगटीचा विचार सोडा. पटाबाहेर ३६०० वारकरी उभे आहेत असं समजा. फासा सहा बाजूंचा, म्हणून पहिल्या दानाला ते सहा घरांत सारखे वाटले जातील, प्रत्येक घरात ६००. दुसऱ्या दानाला प्रत्येक घरातले ६०० पुन्हा पुढच्या सहा घरांत शंभर-शंभर वाटले जातील. दुसऱ्या घरात १०० उरतील, बाराव्यात १००, आणि सातव्यात तब्बल ६००, कारण तिथे सहाही घरांतून शंभर-शंभर येतात. एखाद्या घरात शिडी असेल तर त्या घरातले सगळे उचलून वरच्या घरात ठेवायचे, साप असेल तर खाली. बस, हेच करत राहायचं. गणिताची भाषा हवी असेल तर घरांइतक्या ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली एक सारणी (मॅट्रिक्स), जिच्या प्रत्येक ओळीची बेरीज एक, आणि तिचे एकामागून एक घात. चौथ्या दानानंतरची दिंडी म्हणजे त्या सारणीचा चौथा घात. जिंकायच्या घराची ओळ आणि स्तंभ काढून टाका, जे उरतं ते एकक सारणीतून वजा करा, त्याचा व्यस्त काढा, सुरुवातीच्या ओळीची बेरीज करा. सरासरी किती दानं लागतील ते मिळतं. हे वाक्य डोक्यावरून गेलं असेल तर जाऊ द्या, वारकरी पुरेसे आहेत.

या दिंडीतून एक सुंदर गोष्ट दिसते. साप-शिड्या नसलेल्या लांबलचक पटावर, दूरच्या कुठल्याही एका घराला किती वारकऱ्यांचे पाय लागतील? दानाची सरासरी साडेतीन. म्हणजे सात घरांत सरासरी दोन पावलं उमटतात. म्हणून कुठल्याही घराला पाय लागायची शक्यता २/७, साधारण २९ टक्के. चालत वैकुंठाकडे निघालेल्या सात जणांतले पाच दारावरून पुढे जातात. जवळच्या घरांचं गणित मात्र वेगळं. सगळ्यांत धोक्याचा साप तो, ज्याचं तोंड बरोबर सहा घरांवर आहे. मधे काही नसेल तर त्याच्या तोंडी जायची शक्यता ३६ टक्के. सातव्या घरावर ती एकदम २५ टक्क्यांवर उतरते. लहानपणी साप बरोबर सहा घरांवर दिसला की पोटात गोळा यायचा, तो अगदीच अनाठायी नव्हता.

आता पृथ्वीवर उभे राहा, ५१व्या घरात. एक पडलं तर ५२, हिंसा, साप. दोन पडलं तर ५३, तिथे काही नाही. तीन पडलं तर भक्ती, आणि भक्तीची शिडी सरळ वैकुंठात. चार पडलं तर अहंकाराचा साप, थेट क्रोधाच्या घरात. भक्तीला पोचायच्या दोन वाटा: एकदम तीन, किंवा आधी दोन आणि मग एक. ५२वरून येता येत नाही, तिथला साप गिळतो. शक्यता १/६ अधिक १/३६, म्हणजे ७/३६. अहंकाराला पोचायच्याही दोनच वाटा: एकदम चार, किंवा दोन आणि दोन. भक्तीच्या घरातून येता येत नाही, शिडी वर नेते. पुन्हा ७/३६. पृथ्वीवरून पुढे निघालेल्याला भक्ती आणि अहंकार गाठायची शक्यता अगदी सारखी! आखणाऱ्याने हा हिशेब केला होता असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं की पुढच्या आषाढीला तेही फॉरवर्डमध्ये येईल. दोन घरं शेजारी, अलीकडे एक साप, म्हणून आकडे जुळले. पण ज्याने ती दोन घरं शेजारी ठेवली, त्याला माणसं कळत होती हे नक्की.

आणि तो ७२वा साप. १७व्या घरात दया आहे, आणि पटावरची सगळ्यांत लांब शिडी तिचीच. ती ६९व्या घरात, ब्रह्मलोकात नेते. बावन्न घरं एका दमात! पण वैकुंठ ६८ला. म्हणजे तुम्ही जिंकायच्या घराच्या एक घर पुढे जाऊन बसलात, आणि सोंगटी मागे चालत नाही. सुटकेचा मार्ग एकच. ७२ला जायचं, सापाच्या तोंडात शिरायचं, पृथ्वीवर उतरायचं आणि पुन्हा चालू लागायचं. तो साप पुसून टाका, म्हणजे ६८च्या पुढे गेलेला प्रत्येक भिडू कायमचा अडकला. पटावरचा सगळ्यांत वरचा साप हाच सगळ्यांत उपयोगी.

साप म्हणजे तोटा आणि शिडी म्हणजे फायदा, हा आपला पक्का समज. साखळीच्या गणितात तो टिकत नाही, आणि याला मोक्षपटच लागतो असं नाही. एक चिमुकला खेळ करा. वीस घरं, फाशाऐवजी नाणं. छापा पडला तर एक घर, काटा पडला तर दोन. विसाव्या घरात पोचलं किंवा ते ओलांडलं की जिंकलं. पहिल्या घरात शिडी, सरळ विसाव्यात. पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ खलास. काटा पडला तर तुम्ही दुसऱ्या घरात, शिडी मागे राहिली, आता बाराएक फेकी चालत जा. सरासरी सात फेकी. आता दुसऱ्या घरात एक साप बसवा, जो सुरुवातीला आणून सोडतो. काटा पडला की साप गिळतो, पुन्हा सुरुवात, पुन्हा शिडीची अर्धी संधी. सरासरी दोन फेकी! साप घातला आणि खेळ साडेतीन पट लवकर संपला. मोठ्या शिडीच्या जरा पुढे बसलेला छोटा साप म्हणजे ती शिडी पुन्हा मिळवायची संधी. उलट, छोटी शिडी तुम्हाला मोठ्या शिडीवरून पलीकडे नेत असेल तर तिचा तोटाच.

मोठ्या पटाचे आकडेही सांगून ठेवतो. साप-शिड्या नसलेला कोरा शंभर घरांचा पट एकट्याने पार करायला, शेवटी नेमकं दान हवं ही अट धरून, सरासरी ३३ दानं लागतात. अमेरिकन घसरगुंड्यांच्या पटावर ३९ ते ४०. एवढा आरडाओरडा, एवढी रडारड, आणि सरासरीत फरक सहाएक दानांचा. त्याच पटावर नशीब फळफळलं तर सात दानांतही डाव संपतो.

अलीकडे मोक्षपट मांडून 'तुम्हाला कुठला साप चावला त्यावरून तुमचा स्वभाव सांगतो' अशी सशुल्क शिबिरं निघाली आहेत. फासा तुम्हाला ओळखत नाही. अहंकाराने तुम्हाला गिळलं असेल तर त्याचं कारण एवढंच की तुम्ही ५१वर होतात आणि चार पडले.

सुरुवातीला सहा पडल्याशिवाय सोंगटी बसत नाही असा नियम काही घरांत असतो, तेव्हाही हेच. दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के आहे. चौघे खेळत असतील तर त्यांतला निदान एक जण दहा दानांनंतरही बाहेरच बसलेला असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणून प्रत्येक घरात एक रडणारं पोर असतं, आणि त्याच्यावर कुणी करणी केलेली नसते.

आता शेवटचं, नेमक्या दानाचं. आजच्या पटावर एक मूल ९९वर बसलंय, त्याला फक्त एक हवंय. दुसरं ९४वर आहे. मधे साप नाहीत असं धरू. कोण आधी सुटेल? सगळे म्हणतील ९९वालं. पण ९४ ते ९९मधल्या कुठल्याही घरातून, प्रत्येक दानाला, जिंकून देणारी फाशाची बाजू एकच असते. ९९वाल्याला एक, ९४वाल्याला सहा. मधे चार पडून ९४वालं ९८ला आलं, तरी आता त्याला दोन हवेत, पुन्हा एकच बाजू. दर दानाला सहात एक. म्हणून दोघांनाही सरासरी सहाच दानं लागतात. ९९वर बसून एकची वाट बघणाऱ्या पोराला हे एकदा समजावून बघा. मी बघितलं. त्याने फासा पलंगाखाली फेकला.