बोन म्हणजे उलटा बौद्ध धर्म नव्हे

‘बोन म्हणजे तिबेटातली काळी जादू, म्हणून त्यांचं स्वस्तिक उलटं आणि प्रदक्षिणाही उलटी,’ हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं. ते चूक आहे. बोन ही तिबेटातली एक धर्मपरंपरा आहे.

डावीकडे वळलेल्या भुजांच्या त्या चिन्हाला तिबेटी भाषेत ‘युंगद्रुंग’ म्हणतात. अर्थ : शाश्वत, अढळ. बोनचे गुरू तोन्पा शेनराब यांचा थांका, म्हणजे कापडावरचं धार्मिक चित्र, जवळून पाहा. त्यांच्या उजव्या हातात सोनेरी दंड असतो आणि त्यावर दोन युंगद्रुंग. ज्या चिन्हाला आपण अशुभ ठरवतो, तेच त्यांच्या गुरूच्या हाती आहे! कैलासाला बोनपो, म्हणजे बोनचे अनुयायी, डावी (घड्याळाच्या काट्यांच्या उलट) प्रदक्षिणा घालतात, तीही भक्तीनंच. आपल्याकडे अपसव्य म्हटलं की श्राद्ध आठवतं, म्हणून मन कचरतं; पण तो आपला संकेत झाला, त्यांचा नव्हे.

आणि ही परंपरा केवळ भूतखेतांची असती, तर १४०५ मध्ये मेनरीसारखा विद्यापीठच शोभावा असा मठ उभा राहिला नसता. तिबेटातून परागंदा झालेल्या बोनपोंनी तो हिमाचलात, सोलनजवळच्या दोलांजीत पुन्हा उभारला. तिथे भिक्षू आजही तर्कशास्त्र शिकतात, वादसभा करतात.