ठाणे-बेलापूर रस्ता आणि ‘पुरावा कुठाय?’

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात रात्री दोन-अडीचला कधीकधी वासानेच जाग येते. कुजक्या अंड्यासारखा, घशात बसणारा वास. उठून खिडक्या लावायच्या आणि सकाळी तक्रार करायची. तोवर वारा फिरलेला असतो आणि समोरून प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीचा?’ इतक्या धुरांड्यांतून एकाकडे बोट दाखवता येत नाही, की प्रकरण तिथेच मिटलं.

‘पुरावा कुठाय?’ हा प्रश्न जुना आहे, आणि मूळचा इथला तर नाहीच. १९२४ मध्ये अमेरिकेत पेट्रोलमध्ये घालायचं शिसं बनवताना कामगार दगावले. पुढच्या वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. रॉबर्ट केहो हे उद्योगाच्या बाजूचे वैद्यकीय तज्ज्ञ. त्यांच्या भूमिकेचा सारांश असा: अपाय होतो हे आधी दाखवा, मग बंद करू. थांबलेली विक्री पुन्हा सुरू झाली. आपल्या पंपांवरचं शिसंवालं पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. १९६९ च्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर सरळ लिहिलं होतं, ‘शंका हाच आमचा माल.’ शास्त्रज्ञ ‘शक्यता आहे’ म्हणतो तो प्रामाणिकपणा. त्याचाच ‘अजून काही ठरलेलं नाही’ असा अर्थ लावला की वर्षं मिळतात.

आपल्याकडे एमआयडीसी आली १९६२ मध्ये, मग दिघ्यापासून नेरुळपर्यंतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) हा कारखान्यांचा पट्टा. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. रस्त्याच्या पूर्वेला कारखाने, पश्चिमेला नोड, म्हणजे सिडकोच्या वसाहती. ‘आम्ही आधी आलो, तुम्ही नंतर राहायला आलात’ हे कारखानदारांचं आवडतं उत्तर, आणि नोडवाल्यांपुरतं ते खरंही आहे. फक्त रबाळे, घणसोली, तुर्भे ही गावं दोघांच्याही आधीची.

कायद्यात मात्र राज्य मागे नव्हतं. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राचा १९६९ चा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आला. १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचं ओझंच फिरवलं: अपाय होत नाही हे उद्योगाने दाखवायचं. कागदावर ‘पुरावा कुठाय?’ तिथेच संपायला हवं होतं.

पण मोजण्यातही पळवाटा असतात. १९९४ च्या मानकांत हवेतल्या एकूण धुळीची २४ तासांची मर्यादा निवासी भागात घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम, औद्योगिक भागात ५००. म्हणजे ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की तीच हवा कायद्याने बरी! हा भेद २००९ मध्ये गेला. २४ तासांची सरासरी मात्र राहिली, आणि तिच्यात रात्रीचे दोन तास सहज विरून जातात.

त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर, म्हणजे अतिप्रदूषित, ४३ भाग. नवी मुंबईला ७३.७७. जानेवारी २०१० मध्ये अशा भागांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबल्या. मग कृती आराखडे आले, बंदी टप्प्याटप्प्याने उठली आणि २०१६ मध्ये गुण देण्याची पद्धतच बदलली. नेमकं मोजता येत नाहीत ते घटक वगळले. शास्त्र म्हणून यात गैर काही नाही. पण दम्याचं कारण नेमकं मोजता न येणाऱ्यांतच मोडतं.

आणि लोकांचं मत? ते दोन बाजूंना ओढलं जातं. खाडीतल्या निवट्या (चिखलातली मासळी) विकत घेताना आमची आत्या आधी नाकाला लावते. डिझेलचा वास आला की टोपली परत. तिच्या शेजाऱ्यांकडे वासाच्या तक्रारीचा अर्ज नेला होता. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, एक शुद्धलेखनाची चूकही काढून दिली आणि म्हणाले, “लिहिलंय ते खरं आहे. पण सही नको, पोरगा गेल्याच महिन्यात तिथं लागलाय.”