ऐन भरातला टायसन आणि अख्ख्या कारकिर्दीचा टायसन: महानता नेमकी कशाची मोजायची?

अमेरिकन मुष्टियोद्धा माइक टायसन सर्वकालीन महान हेवीवेटांत (सर्वांत जड वजनगटातल्या मुष्टियोद्ध्यांत) बसतो की नाही, या वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात. एकाच्या डोळ्यांसमोर १९८८ चा टायसन असतो, दुसऱ्याच्या समोर १९८५ ते २००५ ही वीस वर्षं. पहिला विचारतो, ‘त्या रात्री याच्यापुढे कोण टिकलं असतं?’ दुसरा विचारतो, ‘याने कोणाला हरवलं, आणि हरल्यावर काय केलं?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

ऐन भराचा हिशेब सोपा आहे. २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून टायसन विसाव्या वर्षी सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला. ऑगस्ट १९८७ पर्यंत तिन्ही प्रमुख पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदं, त्याच्याकडे आले. २७ जून १९८८ ला तोवर एकही लढत न हरलेला मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत संपला.

हे नुसत्या दांडगाईने झालं नाही. ५ फूट १० इंच उंची आणि ७१ इंच पल्ला (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) ही हेवीवेटमध्ये तोकडी मापं आहेत. प्रशिक्षक कस डमाटोने शिकवलेल्या ‘पीक-अ-बू’ पद्धतीत दोन्ही ग्लोव्ह गालांच्या हाडांशी आणि हनुवटी आत असते, आणि डोकं कमरेतून सतत डावी-उजवीकडे हलत राहतं. समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) खांद्यावरून निघून जातो तोवर टायसन आतल्या अंतरात पोचलेला असतो, आणि ज्या पायावर वजन आलंय त्याच बाजूचा ठोसा सुटतो. त्याची हुकमी जोडी पाहा: आधी उजवा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बरगड्यांवर, तो अडवायला समोरच्याचं कोपर खाली आलं की त्याच उजव्या हाताचा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) हनुवटीवर. एवढ्या वजनाचा माणूस एकाच हाताने लागोपाठ दोन ठोसे इतक्या वेगाने मारतो, हे आजही थक्क करतं.

पण ही सगळी यंत्रणा डोक्याच्या हालचालीवर उभी आहे. ती थांबली की ७१ इंचांचा पल्ला उघडा पडतो. स्पिंक्सच्या लढतीनंतर प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढून टाकलं गेलं, आणि हळूहळू टायसन सरळ रेषेत पुढे येऊन एकेक जड ठोसा शोधू लागला. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने नेमकं तेच हेरलं: लांब जॅब, मागोमाग उजव्या हाताचा सरळ ठोसा, आणि टायसन जवळ आला की मिठी. टायसनच्या कॉर्नरकडे (रिंगच्या कोपऱ्यातल्या मदतनिसांकडे) डोळ्याची सूज दाबायचं थंड धातूचं साधनसुद्धा नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. आठव्या फेरीत त्याने डग्लसला पाडलं खरं, पण दहाव्या फेरीत स्वतःच पडला आणि रांगत माउथपीस चाचपडत राहिला, आणि लढत हरला.

कारकिर्दीचा हिशेब इथून सुरू होतो, आणि तो टायसनला जड जातो. विजयांची यादी घेऊन प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: तेव्हाचं वय, मूळ वजनगट, आणि आधीची विश्रांती. माजी विजेता लॅरी होम्स ३८ वर्षांचा होता आणि जवळपास पावणेदोन वर्षांनी रिंगमध्ये उतरला होता. स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे खालच्या वजनगटातला. टोनी टकर मात्र अपराजित होता, खरोखरीचा हेवीवेट होता, आणि त्याच्याविरुद्ध टायसनला पूर्ण १२ फेऱ्या खेळून गुणांवर जिंकावं लागलं. माझ्या मते टकरवरचा विजय स्पिंक्सच्या ९१ सेकंदांपेक्षा जास्त वजनाचा आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

त्यापुढचा निकष पराभवानंतरचा. हेवीवेट विजेता लेनॉक्स लुइस हा ऑलिव्हर मॅककॉल आणि हसीम रहमान यांच्याकडून हरला, आणि दोघांनाही पुन्हा गाठून हरवलं. त्याआधीचा विजेता जो लुईसने १९३६ चा मॅक्स श्मेलिंगकडचा पराभव १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत फेडला. टायसनने एकही पराभव फेडला नाही. डग्लसशी पुन्हा गाठ पडली नाही. इव्हँडर होलीफिल्डने १९९६ मध्ये त्याला अकराव्या फेरीत थांबवलं, आणि १९९७ च्या परतीच्या लढतीत कान चावल्याबद्दल टायसन बाद झाला. शिवाय ज्या लढतीत तो जमिनीवर पडला, ती एकदाही त्याने वाचवली नाही.

१९९२ ते १९९५ हा काळ बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरून तुरुंगात गेला. ‘ती वर्षं मिळाली असती तर’ असं म्हणून ती कमाईत धरणं चुकीचं आहे. न झालेल्या लढती कोणाच्याच नावावर लिहिता येत नाहीत.

कमाई मोजतानाही एक चूक सर्रास होते. डॅनी विल्यम्स आणि केव्हिन मॅकब्राइडविरुद्धचे २००४-०५ चे पराभव टायसनच्या विरोधात वापरले जातात. तोवर तो संपलेला खेळाडू होता. मोजायचं तर १९९१ पर्यंतचं आणि फार तर होलीफिल्डच्या दोन लढती. त्याच न्यायाने १९९१ मध्ये डोनोव्हन ‘रेझर’ रडॉकवर मिळवलेले दोन विजय त्याच्या खात्यात ठळकपणे जमा व्हायला हवेत, कारण तेव्हा रडॉकचा डावा हात भल्याभल्यांना नको होता.

माझा निवाडा असा: एका रात्रीची निवड असेल तर १९८८ चा टायसन पहिल्या पाचांत. कारकीर्द तोलायची तर होलीफिल्ड आणि लेनॉक्स लुइस दोघेही त्याच्या वर, आणि पहिल्या दहांत त्याला जागा द्यायला मला होम्स किंवा जॉर्ज फोरमन या विजेत्यांपैकी एकाला खाली ओढावं लागेल. तुरुंगाची वर्षं वजा करूनही ते मला पटत नाही.