ख्रिस्ती उपासनेत स्वमग्न व दिव्यांग व्यक्तींचा सहभाग

स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक, शारीरिक किंवा दृष्टी-श्रवणाचे अपंगत्व असलेल्यांना मंडळीच्या उपासनेत, संस्कारांत व सेवेत इतरांइतकाच वाटा मिळावा, यासाठीचा विचार आणि त्यातून रुळलेल्या प्रथा. चर्चच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधणे हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण वेदीपाशी येते: ज्याला आपली श्रद्धा शब्दांत सांगता येत नाही, त्याला प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर व द्राक्षारस घेण्याचा संस्कार) द्यायचे की नाही?

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही प्रभुभोजन देतात, त्यामुळे तिथे समजेची अट मुळात आड येत नाही. पश्चिमेकडे मात्र 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममध्ये भरलेली चर्चची परिषद) प्रभुभोजन घेण्याचे बंधन जाणतेपणाच्या वयाशी जोडले आणि लहानग्यांना हा प्रसाद देण्याची जुनी चाल मागे पडली. कमी समज असलेल्यांना तो नाकारू नये, पण जन्मापासून अजिबात समज नसलेल्यांना देऊ नये, असे तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचे मत होते. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी वयाची अट साधारण सात वर्षांवर आणली; मुलाला हा प्रसाद आणि साधी भाकर यांतला फरक कळणे पुरेसे ठरले. तरीही तो फरक बोलून दाखवता न येणारी मुले भावंडे वेदीकडे जात असताना बाकावरच राहत. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी 1995च्या मार्गदर्शक तत्त्वांत (सुधारित 2017) यावर स्पष्ट भूमिका घेतली. प्रसाद वेगळा असल्याची ही ओळख हावभावातून किंवा आदराच्या मौनातूनही दिसू शकते, आणि शंका आली तर निर्णय बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीच्या बाजूने घ्यावा. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ असणे ही श्रद्धेची एकमेव खूण धरणे अन्यायाचे होते, आणि ते इतकी शतके चालले याची खंत वाटते.

बायबलमध्ये दोन्ही सूर आहेत. लेवीय 21 मध्ये शारीरिक व्यंग असलेल्या याजकाला अर्पण करण्यास मनाई आहे. लूक 14 मध्ये मेजवानीचे आमंत्रण पंगू, लंगडे व आंधळे यांनाच दिले जाते. मार्क 10 मधला आंधळा बार्तीमय ओरडतो तेव्हा त्याला दटावणारे लोक येशूसोबतच चाललेले असतात. उपासनेत मोठ्याने आवाज काढणाऱ्या मुलाच्या आईकडे वळणाऱ्या नजरा त्याहून वेगळ्या नसतात.

स्वमग्न व्यक्तीला पुष्कळदा शब्दांआधी आवाज आणि स्पर्श जड जातात: एकाएकी घुमणारा ऑर्गन, माइकची शिट्टी, धूप, एकमेकांना शांती देताना अनोळखी माणसाने धरलेला हात. ओस्तीचा (प्रभुभोजनात देतात त्या भाकरीच्या पातळ चकतीचा) जिभेला चिकटणारा पोतही काहींना सोसत नाही. अशांना घरी साध्या, अभिमंत्रित न केलेल्या ओस्तीवर सराव करून घेता येतो. क्रम चित्रांत मांडलेली पत्रिका, दाराजवळची जागा, काही वेळ बाहेर जाऊन परतण्याची मुभा आणि हातमिळवणीऐवजी मान लववणे, एवढ्याने बरेच साधते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

मूकबधिरांच्या बाबतीत ही वाट आधी खुली झाली. अठराव्या शतकात पॅरिसचे धर्मगुरू आबे द लेपे यांनी धर्मशिक्षणासाठीच खुणांच्या भाषेचा आधार घेतला. न्यूयॉर्कमध्ये 1852 साली थॉमस गॅलोडेट यांनी मूकबधिरांची सेंट ॲन मंडळी उभी केली. पुढे हेन्री विंटर साइल हे अमेरिकेतल्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेच्या) चर्चचे पहिले कर्णबधिर धर्मगुरू झाले. मुंबईत माझगावला 1880च्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दृष्टिहीन स्त्रियांना आसरा व शिक्षण मिळाले.

जागतिक चर्च परिषदेने 1998 मध्ये हरारे येथे दिव्यांगांच्याच पुढाकाराचे जाळे उभारले आणि 2003 मध्ये सर्वांची व सर्वांसाठीची मंडळी ही भूमिका मांडली. त्याआधी 1994 मध्ये अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ नॅन्सी आयस्लँड यांनी पुनरुत्थित ख्रिस्ताच्या अंगावर जखमा तशाच होत्या, याकडे लक्ष वेधले होते. दिव्यांग व्यक्ती दिसताच न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवून बरे होण्याची प्रार्थना करण्याच्या सवयीला त्यातून ठाम उत्तर मिळते. येशूनेही बार्तीमयाला आधी विचारले होते, मी तुझ्यासाठी काय करावे?

मंद दिवे, हळू संगीत आणि छोटे प्रवचन असलेल्या वेगळ्या मिस्सा (प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासना) आज अनेक ठिकाणी होतात. त्यांच्यामुळे कित्येक कुटुंबे वर्षांनी चर्चमध्ये परतली. पण तेवढ्यावर थांबले, तर रविवारची मुख्य मिस्सा पूर्वीसारखीच राहते. म्हणून वाचन, अर्पण मिरवणूक व गायनवृंद यांत दिव्यांगांना नेमणे यावर आता अधिक भर आहे.