सिंहाच्या नोटा आणि आमची नाशिकरोडची प्रेस

नाशकात "त्याचे वडील प्रेसमधे होते" म्हटलं की कुणाला पेपर आठवत नाही, नोटाच आठवतात. १९२८ ला पंचम जॉर्जची पाचाची नोट इथे छापली, त्याआधी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या, आणि मध्य प्रदेशातली देवासची नोटांची प्रेस सत्तरच्या दशकात आली, म्हणजे आपण ज्या जुन्या सिंहाच्या, म्हणजे सारनाथच्या सिंहांचं चित्र असलेल्या, नोटा जमवतो त्या सगळ्या नाशिकरोडच्याच.

स्वातंत्र्य मिळालं तरी नोट काही लगेच बदलली नाही, सहावा जॉर्ज खिशात होताच. उलट १९४८ मधे त्याच डिझाइनच्या प्लेटवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' कोरून तिकडच्या नोटापण इथेच छापल्या! राजाच्या जागी आधी गांधीजी येणार होते, डिझाइनसुद्धा तयार होती, पण शेवटी एकमत झालं सारनाथच्या सिंहांवर. १९४९ ला एक रुपया आला, १९५० ला दोन, पाच, दहा आणि शंभर. हजार, पाच हजार, दहा हजार १९५४ ला आल्या नि १९७८ ला बाद झाल्या, त्या आपल्या बजेटबाहेर, सोडा.

आता नवीन लोक विचारतात की सगळे सहीच्या मागे का. अहो रिझर्व्ह बँकेच्या त्या नोटांवर छपाईचं सालच नसायचं, मग काळ ओळखायचा कशावरून, तर गव्हर्नरच्या सहीवरून. पहिल्या सिंहाच्या नोटांवर बेनेगल रामा राव. आपले सी. डी. देशमुख जॉर्जच्या नोटेवर सापडतील, सिंहाच्या नाही, कारण १९४९ लाच ते गव्हर्नरपदावरून गेले. एक रुपया मात्र सरकारचा, त्यावर अर्थसचिवाची सही, सुरुवातीला के. आर. के. मेनन. के. जी. आंबेगावकरांची सही हवी असेल तर एक रुपयाच शोधा, ते आधी अर्थसचिव होते, पण १९५७ ला जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, तेवढ्यात त्यांच्या सहीची नोट निघालीच नाही.

आणि सगळ्यात मजा हिंदीची. आधी 'दो रुपया' छापलं, मग अनेकवचनावर वाद झाला, १९५३ च्या सुमारास 'रुपये' ठरलं. एका मात्रेने भाव बदलतो बघा.

टाचणीच्या भोकांना नाक मुरडू नका, बँकेत गड्डीला पिन मारायचेच. रामा रावांची, बिनभोकाची, कडक कोरी नोट कुणी स्वस्तात पुढे केली तर मी आधी भिंग काढतो.