वॉट्सचे दोन घोडे: ‘ह्यू ल्यूपस’ कुठला, ‘फिजिकल एनर्जी’ कुठली?

जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स (1817–1904) मुळात चित्रकार, ‘होप’ या चित्रामुळे माहीत असलेला. पण त्याने दोन अवाढव्य अश्वारूढ शिल्पंही केली आणि फोटोत त्यांची हमखास गल्लत होते. ती व्हायला कारण आहे: दुसरं शिल्प पहिल्यातूनच निघालं.

‘ह्यू ल्यूपस’ हे सांगून करवून घेतलेलं काम. वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने (पुढे ड्यूक) 1870 मध्ये आपल्या नॉर्मन पूर्वजाचा पुतळा मागितला. गंमत म्हणजे मागणाऱ्याचं नावही ह्यू ल्यूपस, त्यामुळे पुतळा त्याचाच असं समजणारे भेटतात. हे काम 1880 च्या दशकात पुरं होऊन चेशरमधल्या ईटन हॉलला गेलं. ओळखायची खूण सोपी: अंगावर सरदारी पोशाख आणि हातावर ससाणा.

‘फिजिकल एनर्जी’ कुणी मागितली नव्हती. तिचा स्वार उघडा आहे आणि लांबचं पाहायला त्याने कपाळावर हात धरलाय. तो कुणीच नाही, आणि मुद्दा तोच आहे. मुंबईचा मूळ काळा घोडा (आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत) पाहताना स्वार कोण हे विचारावंच लागतं, कारण ते एका राजपुत्राचं व्यक्तिशिल्प. इथे तो प्रश्नच गैरलागू. घोड्याचा उचललेला पाय पाहून ‘स्वार कसा मेला’ हे ओळखण्याची लोकप्रिय (आणि तशीही बिनबुडाची) युक्तीसुद्धा इथे निरुपयोगी. केपटाउनला सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवादी राजकारण्याचं स्मारक आहे; तिथल्या प्रतीवर बसलेलाही ऱ्होड्स नव्हे. त्याचा अर्धपुतळा तिथे वेगळा आहे, दुसऱ्या शिल्पकाराचा.

आता सामग्री. ओल्या मातीच्या दमटपणाने वॉट्सचा संधिवात बळावायचा, म्हणून तो ‘जेसो ग्रोसो’कडे वळला: प्लास्टर ऑफ पॅरिस, सरस आणि कापलेला ताग. नुसतं प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं; सरसामुळे ते सावकाश बसतं आणि हात फिरवायला वेळ मिळतो. तागाचे धागे ते धरून ठेवतात, तडे कमी जातात. माती रोज ओल्या फडक्यांत गुंडाळावी लागते. एखादा दिवस विसरलात की ती भेगाळते, आणि आतला लोखंडी सांगाडा कच्चा असेल तर घोड्याचं पोटच खाली येतं. जेसो सुकल्यावरही तासता, कानसता येतो, वर नवा थर देता येतो. वॉट्सने मॉडेल रुळांवरच्या गाड्यावर ठेवलं होतं. उजेडात पाहायचं असलं की ते बागेत ढकलत न्यायचं.

याचा तोटा एकच, काम संपतच नाही. ‘फिजिकल एनर्जी’वर तो वीसेक वर्षं, जवळजवळ मरेपर्यंत, हात फिरवत राहिला. पण मॉडेल टिकलं म्हणून प्रती निघत गेल्या: 1902 ची केपटाउनला, 1907 ची लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये, 1959 ची आफ्रिकेत (आता हरारेला) आणि 2017 ची सरेतल्या कॉम्प्टनच्या वॉट्स गॅलरीजवळ.

ईटन हॉल खाजगी मालमत्ता आहे, तिथे सहज जाता येत नाही. केन्सिंग्टनचा घोडा बागेत उघड्यावर आहे. मूळ जेसो कॉम्प्टनला गॅलरीत आहे; जमलं तर आधी तो पाहावा, त्यावरचे हत्यारांचे ओरखडे पाहिले की ब्राँझचा खडबडीतपणा कुठून आला ते कळतं.